समुद्राने परत केलेले दप्तर

इ. स. १६४२ च्या डिसेंबर महिन्याच्या प्रारंभी डच ईस्ट इंडिया कंपनीचा आबेल टास्मान हा दर्यावर्दी आपली दोन जहाजे घेऊन एका अपरिचित भूमीच्या पूर्व किनाऱ्याशी येऊन ठेपला. ही कंपनी मराठी वाचकांना अगदीच परकी नाही. त्याच सुमारास वेंगुर्ल्यास तिची वखार उभी राहिलेली होती, आणि बटाव्हियातील तिच्या गव्हर्नर जनरलचे हुकूम जसे कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत, तसेच ते दक्षिण गोलार्धाच्या नकाशावरील कोऱ्या जागा भरण्यासाठी धाडलेल्या जहाजांवरही चालत. किनाऱ्यावर उतरून निशाण रोवावे असा टास्मानचा मनसुबा होता; परंतु लाटांचा जोर असा विलक्षण की होडी काठास लावणे दुर्घट झाले, आणि अखेरीस जहाजावरील सुताराने पाण्यात उडी घेऊन, पोहत जाऊन, निशाणाचा खांब जमिनीत रोवला. त्यानंतर जहाजांनी पूर्वेची वाट धरली, आणि सुमारे नऊ दिवसांनी, १३ डिसेंबर रोजी, क्षितिजावर उंच भूमी दिसू लागली. ती न्यूझीलंडची भूमी होय. जे बेट मागे राहिले त्याला पुढे टास्मानिया हे नाव पडले आणि मधल्या जलराशीला टास्मान समुद्र.

या घटनेनंतर साडेतीन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर, ११ जानेवारी २००७ रोजी, त्याच किनाऱ्यावरील फॉर्टेस्क्यू नावाच्या लहानशा उपसागरातून एक माणूस त्याच पूर्व दिशेने निघाला. त्याच्याबरोबर खलाशी नव्हते, जहाज नव्हते. होती ती केवळ एका माणसाच्या कंबरेला बेताने पुरेल एवढ्या रुंदीची कयाक आणि हातात एक दुपाती वल्हे. अँड्र्यू मॅकॉली हे त्याचे नाव, वय ३८, राहणार ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताचा. सुमारे १६०० किलोमीटरचा हा समुद्र तोवर कोणीही एकट्याने कयाकमधून ओलांडलेला नव्हता. तीस दिवस तो वल्हवीत राहिला. न्यूझीलंडच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर त्याची नौका सापडली, आणि तो मात्र सापडला नाही.

अशा माणसांचा वृत्तांत लिहू पाहणाऱ्यास एक अडचण नेहमी भासते. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध करून आपल्याला जो धडा घालून दिला तो असा की, अस्सल कागद हाती असल्याखेरीज इतिहास बोलू लागत नाही आणि कागदावाचून जे बोलले जाते ती बहुधा दंतकथा असते. समुद्रावर एकाकी नाहीशा झालेल्या माणसाचे कागद त्याच्याबरोबरच नाहीसे होतात. मागे उरतात ती निघाल्याची तारीख, न पोहोचल्याची बातमी आणि मधल्या रिकाम्या जागेत लोकांनी भरलेल्या कल्पना. त्या कल्पनांत तो माणूस एक तर निर्भय वीर ठरतो, नाही तर अविचारी वेडा. मॅकॉलीच्या बाबतीत मात्र समुद्राने एक अपूर्व गोष्ट केली. माणूस ठेवून घेऊन त्याने दप्तर तेवढे परत केले. म्हणूनच त्याचे स्मरण करताना आपल्याला कल्पनेचा आश्रय घ्यावा लागत नाही, आणि त्याच कारणाने ते स्मरण सोपेही राहत नाही.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील हिममय प्रदेशांत राहणाऱ्या इन्युइट आणि अल्यूट लोकांची शिकारी नौका. लाकडाच्या अथवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बसवायचे, मध्ये एकच माणूस बसेल एवढे भोक ठेवायचे, आणि त्या माणसाने कंबरेभोवती जलाभेद्य आवरण बांधून नौकेशी जणू एकजीव व्हायचे, ही तिची रचना. नौका उलटली तर बाहेर न पडता वल्ह्याच्या एका फटकाऱ्याने तिला पुन्हा सरळ करायचे, ही त्या लोकांची पिढीजात विद्या. किनाऱ्यालगत जाऊन शिकार करावी आणि घरी परतावे, यासाठीच ती निर्माण झाली. महासागर ओलांडण्याचा विचार तिच्या मूळ कर्त्यांच्या मनात आला असेल असे वाटत नाही. जी नौका माणसाच्या सततच्या तोल सांभाळण्यावर उभी असते, तिच्यात झोप कशी घ्यावी, या प्रश्नाला तिच्या परंपरेत उत्तर नव्हते, कारण तो प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता.

युरोपीय लोकांच्या हाती ही नौका आली, तिला रबर चढवलेल्या कापडाचे व घडी घालता येणाऱ्या सांगाड्याचे रूप मिळाले, आणि मग अटलांटिकचा मोह सुटला. १९२८ साली फ्रांझ रोमर नावाचा जर्मन तरुण अशाच एका घडीच्या कयाकमधून पोर्तुगालचा किनारा सोडून कॅनरी बेटांवर आला, आणि तेथून निघून ५८ दिवसांनी वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस बेटावर पोहोचला. हातपाय पसरण्याची सोय नसलेल्या, उन्हाने भाजणाऱ्या व मिठाने सोलवटणाऱ्या त्या बैठकीत दोन महिने काढूनही त्याचे समाधान झाले नाही. सप्टेंबर महिन्यात पोर्टो रिकोहून तो अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे निघाला, आणि त्याच दिवसांत त्या समुद्रावर जे प्रलयंकर चक्रीवादळ उठले, ज्याने पुढे पोर्टो रिकोत शेकडो आणि फ्लोरिडात हजारो माणसे मारली, त्यात तो दिसेनासा झाला. त्याची नौका मिळाली नाही, वही मिळाली नाही, शेवटच्या दिवसांची एकही खूण मिळाली नाही. अटलांटिक कयाकमधून ओलांडणारा हा पहिला माणूस आज इतिहासात जवळजवळ एका नावापुरता उरला आहे.

त्याच्यानंतर २८ वर्षांनी, १९५६ साली, हान्स लिंडेमान या जर्मन डॉक्टराने बाजारात मिळणाऱ्या साध्या घडीच्या नौकेतून, वल्ह्यांच्या जोडीला लहानसे शीड घेऊन, कॅनरी बेटांपासून सेंट मार्टिन बेटापर्यंतचा प्रवास ७२ दिवसांत पुरा केला. समुद्रावर शरीर थकण्यापूर्वी मन खचते, अशी त्याची वैद्यकीय धारणा होती. म्हणून निघण्याआधी कित्येक महिने त्याने स्वतःच्या मनास पश्चिमेची दिशा न सोडण्याचे आणि हार न मानण्याचे वळण लावले, आणि शेवटच्या वादळात नौका पालथी झाली तेव्हा रात्रभर तिच्या निसरड्या पाठीला चिकटून राहण्याइतके बळ त्याला याच अभ्यासाने दिले असे त्याने पुढे सांगितले. लिंडेमान जगला म्हणून त्याचा ग्रंथ झाला; रोमर गेला म्हणून त्याची मौनरेषा राहिली. एकाच विद्येच्या या दोन पूर्वजांमधील हा भेद ध्यानात ठेवून मॅकॉलीकडे वळले पाहिजे.

अटलांटिकचा तो मार्ग उष्ण कटिबंधातला; तेथे व्यापारी वारे पाठीशी असतात आणि पाणी ऊबदार असते. टास्मान समुद्राचा दक्षिण भाग चाळिसाव्या अक्षांशाच्या खाली येतो, जेथे पृथ्वीभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना अडवण्यास भूमी जवळपास नाहीच. अंटार्क्टिकाच्या बाजूने थंड हवेचे लोट मधूनमधून उत्तरेकडे सरकतात, वाऱ्याची दिशा काही तासांत फिरते, आणि एका दिशेच्या जुन्या लाटांवर दुसऱ्या दिशेच्या नव्या लाटा चढून समुद्र विस्कळीत होतो. समोरचा किनाराही पाहुण्यास अनुकूल नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा हा नैर्ऋत्य भाग म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांत शिरलेला समुद्र व त्याच्या काठी सरळ उभे कडे. उतरण्याजोगी जागा विरळा, वस्ती त्याहून विरळ. मिलफर्ड साउंड हे त्यांतले एक अरुंद द्वार. जी नौका तासाला चार-पाच किलोमीटरांच्या वर क्वचितच जाते, तिने महिनाभर वारे आणि प्रवाह यांच्या ओढीशी झगडून नेमके हेच द्वार गाठायचे, हा तो बेत होता. न्यूझीलंडचा पॉल कॅफिन, ज्याने १९८२ साली अखंड ऑस्ट्रेलिया खंडाला कयाकमधून प्रदक्षिणा पुरी केली, त्यानेही हा समुद्र ओलांडण्याची उमेद बाळगली होती. ती फळास आली नाही. वल्हवण्याच्या मोठ्या होडीतून मात्र कॉलिन क्विन्सी या न्यूझीलंडरने १९७७ साली, उलट दिशेने, ६३ दिवसांत हे अंतर एकट्याने तोडले होते.

मॅकॉली अचानक या समुद्रापाशी येऊन उभा राहिला नव्हता. तो मुळात गिर्यारोहक. पाकिस्तान आणि पॅटागोनिया येथील कठीण सुळक्यांवर त्याने आपली उमेदवारी केली होती, आणि अवघड कड्यावर जे दोन गुण लागतात, म्हणजे धोक्याचे अचूक मोजमाप आणि दीर्घकाळ अस्वस्थ स्थितीत राहण्याची तयारी, ते दोन्ही घेऊनच तो समुद्राकडे वळला. २००३ साली त्याने ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी व टास्मानिया यांमधील बास सामुद्रधुनी, मधल्या बेटांचा आसरा न घेता, सुमारे २२० किलोमीटर सरळ रेषेत ३५ तास न थांबता वल्हवून पार केली. पुढच्या वर्षी उत्तरेकडील कार्पेंटेरियाचे आखात, सुमारे ५३० किलोमीटर, त्याने सहा दिवसांहून अधिक काळ नौकेतच बसून, नौकेतच झोपून, एकट्याने ओलांडले. २००५ साली ऑस्ट्रेलियन जिओग्राफिक संस्थेने त्याला त्या वर्षीचा श्रेष्ठ साहसी म्हणून गौरविले. आणि २००६ च्या आरंभी स्टुअर्ट ट्रूमन व लॉरी गेगन या दोन सोबत्यांसह तो अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाच्या काठाने ८०० किलोमीटरांहून अधिक अंतर वल्हवीत गेला. या मोहिमा एकीवर एक चढत्या क्रमाने रचलेल्या दिसतात. प्रत्येकीत त्याने एकेक प्रश्न सोडवला: आधी अंतराचा, मग झोपेचा, मग थंडीचा. टास्मान समुद्रात हे तिन्ही प्रश्न एकत्र येणार होते.

नौकेची तजवीजही त्याच विचाराने केलेली होती. ऑस्ट्रेलियात तयार होणारी एक लांब व निमुळती समुद्री कयाक घेऊन त्याने तिच्यात फेरफार केले. बैठकीच्या भोकावर ओढून घेता येईल अशी फायबरग्लासची एक घुमटी त्याने बनवून घेतली आणि तिला ‘कॅस्पर’ असे लाडके नाव दिले. दिवसा वल्हवताना ही घुमटी दांड्यांवरून मागे सरकवून ठेवायची. रात्री नौकेच्या पोटात पाय लांबवून आत सरकायचे आणि ती डोक्यावरून बंद करून घ्यायची. पाणी येणार नाही पण हवा येईल अशी तिला सोय होती. घुमटी बंद असताना तिच्यातील हवेमुळे उलटलेली नौका पाण्यावर पालथी स्थिर राहू शकत नसे; ती आपोआप पुन्हा सरळ होई. इन्युइट शिकाऱ्याच्या परंपरेत ज्या प्रश्नाला उत्तर नव्हते, त्याला मॅकॉलीने दिलेले हे उत्तर होते, आणि त्याचा कस पुढे खऱ्या वादळात लागून ते खरे ठरले. पाण्यात पॅराशूटप्रमाणे फुगणारा कापडी नांगर, सॅटेलाइट फोन, हातातला बिनतारी संच, संकटसूचक बीकन आणि महिनाभराचे अन्न, एवढा त्याचा सरंजाम.

पहिली स्वारी डिसेंबर २००६ मध्ये निघाली. ती थोड्याच काळात परतली; नौकेच्या पोटात रात्र काढताना शरीराची ऊब टिकेना, आणि ऊब टिकत नाही म्हणजे पुढचे दिवस टिकणार नाहीत, हा हिशेब मांडून मॅकॉली मागे फिरला. या माघारीची नोंद त्याच्या चरित्रात विशेष आग्रहाने केली पाहिजे. जो माणूस साऱ्या जगाला वेळ सांगून निघतो आणि दोन-तीन दिवसांत परत येऊन थंडीपुढे आपली तयारी अपुरी पडल्याचे कबूल करतो, त्याला अविचारी म्हणणाऱ्यांनी हा कागद वाचलेला नसतो. थंडीचा बंदोबस्त करून, जानेवारीत, तो पुन्हा फॉर्टेस्क्यूच्या त्याच काठावर आला.

आणि येथून ते दप्तर सुरू होते. निघाल्यावर लगेच, किनारा मागे पडत असताना, मॅकॉलीने कॅमेरा स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि तो बोलू लागला. त्या चित्रफितीत तो रडतो आहे. आपण फार भ्यालो आहोत, आपली बायको आणि आपला लहान मुलगा यांना पुन्हा पाहायला मिळेल की नाही याची धास्ती आपल्या मनात आहे, हे तो हुंदके आवरीत सांगतो. त्या वेळी मुलगा अवघा तीन वर्षांचा होता. ही फीत कोणाला दाखवण्यासाठी सजवलेली नाही. तीत पवित्रा नाही, घोषणा नाही. साहसी पुरुषांच्या चरित्रांत आपण प्रस्थानाचे जे प्रसंग वाचतो, त्यांत निशाणे फडकतात, काठावर जयघोष होतो आणि नायकाची मुद्रा प्रसन्न असते. ते प्रसंग बहुधा मागाहून, पोहोचल्यानंतर, लिहिलेले असतात, आणि पोहोचलेला माणूस आपल्या प्रस्थानकाळच्या भयाला सहसा कागदावर जागा देत नाही. टास्मान समुद्राने परत केलेल्या या फितीत ते भय तारखेनिशी सुरक्षित राहिले आहे.

पुढचे चार आठवडे त्याची खबर सॅटेलाइट फोनवरील त्रोटक संदेशांतून येत राहिली. दिवसचे दिवस एकाच बैठकीत, पाठ व कंबर ताठरलेली, हातांची कातडी खाऱ्या पाण्याने फाटलेली, झोप तुटक. तरी नौका पूर्वेकडे सरकतच होती. मधल्या काळात जी वादळे आली त्यांत वल्हवणे अशक्यच होते. तेव्हा कापडी नांगर सोडून, कॅस्पर बंद करून, अंधाऱ्या पोकळीत निजून राहणे एवढेच हाती उरे. वर डोंगराएवढ्या लाटा फुटत आहेत, नौका पालथी होते आहे, आपोआप उलथून पुन्हा सरळ होते आहे, आणि आतल्या माणसाला बाहेरचे काही न दिसता केवळ शरीराला बसणाऱ्या हिसक्यांवरून हे समजते आहे, अशी ती स्थिती. त्या घुमटीने त्याला तारले. वादळ ओसरल्यावर तो घुमटी मागे सारून पुन्हा वल्हे हाती घेई. या चार आठवड्यांतील त्याची कामगिरी केवळ दर्यावर्दीपणाच्या दृष्टीने पाहिली तरी थोर आहे. कारण एवढी लहान व मंद नौका, एवढ्या अस्थिर समुद्रातून, त्याने ठरवलेल्या द्वाराच्या रोखाने अचूक आणून पोहोचवली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची पत्नी विकी, मुलगा आणि आप्तमित्र स्वागतासाठी मिलफर्ड साउंड येथे जमले. रविवारी, ११ फेब्रुवारीस, सकाळी नऊ वाजता भेटू, असा त्याचा संदेश आला. हा संदेशही दप्तरातील एक कागद. त्यात विजयाची भाषा नाही, घरी येणाऱ्या माणसाने वेळ कळवावी तेवढाच मजकूर आहे.

शुक्रवारी, ९ फेब्रुवारीस, संध्याकाळी सातच्या सुमारास न्यूझीलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बिनतारी ठाण्यात एक तुटक आवाज ऐकू आला. एका कयाकमधून कोणी पुकारीत होते. नौका बुडत आहे, सुटका हवी, असा त्याचा आशय होता. पण शब्द विरत होते आणि पुन्हा पुकारल्यावर उत्तर आले नाही. त्या फुटक्या शब्दांचा पुरता अर्थ लावणे सोपे नव्हते. शोध सुरू झाला. विमाने व हेलिकॉप्टरे समुद्रावरून फिरली. आणि दुसऱ्या दिवशी, १० फेब्रुवारीस, मिलफर्ड साउंडपासून सुमारे ३० सागरी मैलांवर, म्हणजे जेमतेम ५५ किलोमीटरांवर, त्याची नौका सापडली. तिच्यात काही पाणी शिरले होते, परंतु ती बव्हंशी शाबूत होती. कॅस्पर जागेवर नव्हता. संकटसूचक बीकन नौकेतच होता आणि तो चालू केलेला नव्हता. मॅकॉली नव्हता. पुढे शोध थांबवण्यात आला. त्याचा देह कधीच मिळाला नाही.

त्या संध्याकाळी काय घडले याविषयी जाणकारांनी जो तर्क मांडला तो असा. त्या वेळी घुमटी बंद नसून मागे सरकवलेली असावी, म्हणजे मॅकॉली वल्हवीत असावा. नौका उलटली असता मागे असलेल्या घुमटीत पाणी भरून ती ओझ्यासारखी खाली ओढू लागते आणि मग वल्ह्याच्या फटकाऱ्याने नौका सरळ करणे कठीण होते. बाहेर पडून तिच्यावर पुन्हा चढण्याचे बळ, महिनाभराच्या श्रमांनंतर आणि त्या थंड पाण्यात, फार काळ टिकण्याजोगे नव्हते. हा तर्क बरोबर असेल तर त्यात एक हृदयभेदक गोष्ट आहे: जिने रात्री त्याचे रक्षण केले, तीच दिवसा त्याच्या मार्गात आली. तथापि तर्क तो तर्कच; साक्षीदार एकच होता आणि त्याची जबानी त्या तुटक पुकाऱ्यापाशी संपते.

नौकेबरोबर कॅमेऱ्याची मेमरी कार्डे परत आली, आणि त्यांवरील छायाचित्रे व चित्रफिती वाचता आल्या. त्यांत प्रस्थानाचे अश्रू आहेत, मधल्या दिवसांचे थकलेले चेहरे आहेत, दाढी वाढलेला, मिठाने पांढरा पडलेला, डोळे खोल गेलेला तो माणूस आहे. जेनिफर पीडम या दिग्दर्शिकेच्या सहभागाने २००८ साली त्यांवर माहितीपट झाला, आणि २०१० साली विकी मॅकॉली हिने स्वतः एक ग्रंथ लिहिला. या दोहोंमुळे मॅकॉलीच्या कथेत एक असे पात्र कायमचे आले जे रोमरच्या कथेत कोठेच नाही: काठावर थांबलेले कुटुंब. वाट पाहणाऱ्या पत्नीची कैफियत मोहिमेच्या मूळ कागदांच्या बरोबरीने ठेवली गेली. जो कोणी या मोहिमेचा इतिहास लिहील त्याला तिला टाळून लिहिता येणार नाही.

त्याच्यानंतर समुद्र पार झाला. जेम्स कॅस्ट्रिशन आणि जस्टिन जोन्स हे दोघे तरुण ऑस्ट्रेलियन १३ नोव्हेंबर २००७ रोजी न्यू साउथ वेल्समधील फॉर्स्टर येथून, झोपण्यासाठी बंदिस्त खोली असलेल्या दुहेरी कयाकमधून निघाले. प्रवाहांच्या भोवऱ्यात सापडून वळसे घेत ३३१८ किलोमीटर तोडून १३ जानेवारी २००८ रोजी न्यू प्लिमथ येथे काठाला लागले, ६२ दिवसांनी. एकट्याने हा समुद्र ओलांडण्याचा मान स्कॉट डोनाल्डसन या न्यूझीलंडरला मिळाला. २०१४ च्या एका प्रयत्नात किनाऱ्यापासून अल्प अंतरावर त्याला मोहीम सोडावी लागली होती, आणि २ जुलै २०१८ रोजी, कॉफ्स हार्बरहून निघाल्यापासून ६२ दिवसांनी, तो न्यू प्लिमथच्या किनाऱ्यावर उतरला. हे दोन्ही प्रवास अधिक उत्तरेकडच्या मार्गाने आणि अधिक सुरक्षित, खास बांधलेल्या नौकांतून झाले. धाडसी तरुण असोत वा प्रौढ, ज्यांनी यानंतर त्या समुद्राचा विचार केला त्यांना मॅकॉलीच्या नौकेचा विचार केल्यावाचून पुढे जाता आले नसावे.

विक्रमांच्या नोंदवहीत पोहोचलेल्याचेच नाव चढते, असा जगाचा शिरस्ता आहे, आणि नोंदवहीपुरता तो योग्यही आहे; डोनाल्डसनचा मान डोनाल्डसनलाच मिळाला पाहिजे. इतिहासाचा जाबता मात्र निराळा असतो. पानिपतावर आपले लोक हरले म्हणून आपण त्या मोहिमेचे कागद जाळून टाकले नाहीत. उलट सर्वांत आस्थेने जतन केले आणि सर्वांत अधिक त्यांपासून शिकलो. मॅकॉलीच्या अपुऱ्या मजलीचा वृत्तांतही त्याच आस्थेने वाचावयास हवा.

तो वाचताना दोन सोप्या निकालांपासून दूर राहावे असे मला मनापासून वाटते. पहिला निकाल आराधकांचा: त्याने आवडीचे काम करताना देह ठेवला, यापेक्षा धन्यता कोणती. हे वाक्य काठावर उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या मुलासमोर उच्चारून पाहावे. ते तोंडातून फुटणार नाही. दुसरा निकाल उपदेशकांचा: संसारी माणसाने असा समुद्र अंगावर घ्यावाच का. ज्याने पहिल्या मोहिमेतून थंडीमुळे माघार घेतली, ज्याने एकेक प्रश्न वेगळा करून वर्षानुवर्षे सोडवला, ज्याच्या हातून दिशेची चूक शेवटपर्यंत झाली नाही, त्याला बेफिकीर म्हणणे हे कागदपत्रांच्या विरुद्ध आहे. दोन्ही निकाल त्याच्या आयुष्यातील एकेक पान फाडून टाकतात. पहिला पत्नी-पुत्राचे पान फाडतो, दुसरा तीस दिवसांचे.

मला या माणसाविषयी जो आदर वाटतो तो त्याच्या प्रस्थानाच्या फितीत रुजलेला आहे. तो काय गमावू शकतो हे त्याला ठाऊक होते. ते त्याने स्वतःच्या तोंडाने, रडत, सांगितले. आणि तरीही तो वल्हवीत राहिला. हा निर्णय योग्य होता की अयोग्य, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांनी त्याची किंमत दिली त्यांचा आहे, आणि विकीने आपली बाजू लिहून तो बजावलाही आहे. आपला अधिकार एवढाच, की त्याचे भय आणि त्याचे कौशल्य ही दोन्ही एकाच माणसाची आहेत हे मान्य करावे आणि त्याची कथा पुढच्या पिढीला सांगताना त्यांपैकी एकही गाळू नये. आजवरच्या साहसकथांनी आपल्या मुलांना असे शिकवले की शूर माणसाला भीती शिवत नाही. परिणामी ज्याला भीती वाटते तो स्वतःला भित्रा समजून घरी बसतो, आणि ज्याला वाटत नाही तो तयारीवाचून निघतो. मॅकॉलीच्या दप्तराने हा जुना गैरसमज खोडून काढला आहे. भीती ही त्याच्या तयारीचीच जननी होती. तिनेच घुमटी बांधविली, तिनेच पहिल्यांदा माघारी आणले, आणि तिनेच प्रत्येक रात्री दिशेचा हिशेब तपासावयास लावला. साहसाचा इतिहास यापुढे जे लिहितील त्यांनी भयाला चरित्राच्या मध्यावर, तारीख-वारासह, नोंदवावे. कारण अस्सल कागदांची साक्ष तशी आहे, आणि अँड्र्यू मॅकॉलीचे ऋण फेडण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.